मसनवटीचे कागद

काय बे लेका,

फोनवर तू हसत होतास न, की रिटायर होऊन कबरी मोजायचा धंदा कायले लावला म्हणून, तर आता निवांत वाच. कामठीकडच्या एका खेड्यात जुनी दफनभूमी आहे, छोटीशीच, एका कोपऱ्यात दोन-चार इंग्रजी दगड अन् बाकी सगळे मातीचे उंचवटे. बाजूले लेआउटवाल्यांनी खुंट्या ठोकल्यात.

दगडांचं सोपं आहे रे. कामठीची छावणी 1821 ची, फौज मद्रासची, म्हणून तिथल्या पाद्र्याच्या दफनाच्या नोंदी मद्रासच्या खात्यात जायच्या न नक्कल लंडनले, ते गठ्ठे आज ब्रिटिश लायब्ररीत एन/2 नंबराखाली आहेत. शिवाय मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या थडग्यांवरच्या लेखांची यादी 1932 साली छापलीसुद्धा. सायबाचं पोरगं तापानं गेलं तरी दोन-तीन ठिकाणी लिहून ठेवलेलं!

मातीखालच्यांचं कोणी लिहिलं? गावच्या कोतवालानं. आपल्याकडे कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मरणाच्या वहीची, नक्कल म्हटलं की लोकांले फक्त जातीचा दाखला आठवतो, त्याच्यासाठीच तहसीलमधी रांग लागते, पण त्याच पानावर मरणाची तारीख, वय, जात न रोगाचा रकाना असतो बावा. बारक्या पोरांले कितीदा नावच नाही, नुसतं 'मुलगी, वय चार महिने' न बापाचं नाव. काही पानं मोडी लिपीत, वाचणारा शोधावा लागतो, तो मिळाला तरी कागद हातात तुटतो. अन् रोगाच्या रकान्यात पाहशील तिथं 'ताप'. हैजा न देवी कोतवाल ओळखायचा, बाकी सगळं तापातच. 1918 च्या दसऱ्या-दिवाळीच्या दिवसांत तर पानंच्या पानं ताप, ताप, ताप, तो इन्फ्लुएंझा होता रे, मध्यप्रांतात त्यानं लय माणसं नेली. एकाच घरची तीन नावं एका आठवड्यात पाहिली न मी बुक बंद करून चहा प्यायले गेलो.

हां, हिस्लॉप कॉलेज ज्याच्या नावाचं तो पादरी हिस्लॉप, तोही असल्याच नादात गेला, टाकळघाटची दगडी वर्तुळं, म्हणजे जुनी दफनंच, पाहायले गेला न 4 सप्टेंबर 1863 ले नाल्याच्या पुरात बुडाला. बायको मले हेच ऐकवते.

पण खरा कागद वेगळाच आहे, निस्तार पत्रक. गावची कोणती जमीन चराईची, कोणती मसनवटीची, ते त्याच्यात खसरा नंबरासकट, म्हणजे जमिनीच्या तुकड्याच्या नंबरासकट, लिहिलेलं असते. कोतवाल बुकातून माणसं सापडतात, पण लेआउटवाल्याले अडवायचं तर हाच कागद लागते. इथली नक्कल मिळाली, आता मोजणीचा अर्ज टाकतो.

तुमच्या उमरेडकडच्या गावातही नदीकाठी तशी जागा आहे न, तुझी आजी दाखवायची ती? तलाठ्याले भेटून तिचा खसरा नंबर काढून ठेव, अन् 1954-55 चं अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीच्या हक्काची जुनी सरकारी नोंद, तेही माग. पोळ्याले येतोच आहे मी, झुणका-भाकर तयार ठेवायले सांग वहिनीले.

तुझाच,
सीताबर्डीवाला