चार गाणी वगळायला लावलीत, त्याबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या बँडच्या अल्बमसाठी चौदा गाणी, एकूण 58 मिनिटं 20 सेकंद. निवड करून द्या म्हणून फाइल तुमच्याकडे पोचल्या तेव्हा आम्हा चौघांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं: यातलं काहीही काढायचं नाही. आता दहा गाणी आहेत, 41 मिनिटं 20 सेकंद. आभार मानायचेत ते गळालेल्या चार गाण्यांबद्दल. पत्र उघडं लिहितोय, कारण तुमची पद्धत याच टप्प्यावर अडून बसलेल्या कुठल्याही बँडच्या कामाची आहे.

तुम्ही आधी गाणी ऐकलीच नाहीत, तक्ता भरायला लावलात. प्रत्येक गाण्यापुढे सहा रकाने: पट्टी (गाण्याचा ‘सा’ कोणत्या सुरावर), लय (मिनिटाला किती ठोके), लांबी, सुरुवात कोणत्या वाद्याने, गाणारा कोणाशी बोलतोय आणि हे गाणं अल्बममध्ये काय काम करतं. शेवटच्या रकान्यात ‘छान आहे’ लिहायला सक्त मनाई. तक्ता भरला आणि दुखणं उघडं पडलं. तीन गाणी हार्मोनियमच्या काळी दोन पट्टीत, लय 92, 94 आणि 95, तिन्हींची सुरुवात एकट्या गिटारने, आणि तिन्हींत गाणारा निघून गेलेल्या माणसाची मनधरणी करतोय. सुटी ऐकली तर तिन्ही गोड. लागोपाठ लावली तर अकरा मिनिटांचं एकच गाणं, तेही रडकं. वाईट गाणं शोधत बसू नका, एकच काम करणारी दोन गाणी शोधा, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा राग आला होता. तिन्हींतलं एकच राहिलं.

मग ऐकणं. सगळे कच्चे मिक्स, म्हणजे वाद्यं आणि आवाज तात्पुरते एकत्र केलेली गाणी, तुम्ही आधी एका पातळीवर आणलेत, एकमेकांपासून अर्ध्या डेसिबलच्या आत. हे न करता मतं घेतली तर जिंकतं ते जोरात वाजणारं गाणं. एका डेसिबलचा फरक कानाला ‘आवाज मोठा’ म्हणून कळत नाही, ‘गाणं बरं’ म्हणून कळतो. फाइलींना नावं नकोत, फक्त आकडे. एका बैठकीत पाच गाणी, मग वीस मिनिटं कानांना सुट्टी. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा, कारण ढिगाच्या तळाशी असलेली गाणी पुष्कळदा थकलेल्या कानांमुळेच मारली जातात.

दहापैकी गुण देण्याची आमची पद्धत तुम्ही मोडीत काढलीत, तेही बरं झालं. सरासरी काढली की सगळ्यांना बरं वाटणारं मध्यम गाणं वर येतं, आणि दोघांना वेड लावणारं पण दोघांना न पटणारं गाणं खाली जातं. अल्बमला ओळख देणारं बहुधा हे दुसरंच असतं. त्याऐवजी प्रत्येकाला तीन ‘हे नसेल तर अल्बम नको’ आणि स्वतःच्या गाण्यांतलं एक ‘हे जाऊ दे’. शिवाय एका गाण्यावर बोलायची सुरुवात ते ज्याने केलं नाही त्याने करायची. साठ तास रेकॉर्डिंगमध्ये घातलेल्या माणसाला गाणं ऐकू येत नाही, ते साठ तासच ऐकू येतात. (गीतकार-संगीतकाराचा हिस्सा गाण्यागणिक ठरतो, म्हणून वाटणी निवडीच्या आधी कागदावर आणा, हा तुमचा आग्रह तेव्हा रुक्ष वाटला होता. नंतर कळलं की चालीवरून चाललेली निम्मी भांडणं चालीवरून नव्हतीच.)

खरा चाप बसला तो एलपीमुळे, कारण अल्बम सुईने वाजणाऱ्या तबकडीवर काढायचा होता. बारा इंची, मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या तबकडीला एका बाजूला 18 ते 22 मिनिटं मानवतात. 29 मिनिटंही बसवता येतात, पण मग सुई ज्यांतून फिरते त्या खाचा अगदी एकमेकींजवळ कापाव्या लागतात, त्यासाठी आवाजाची पातळी उतरवावी लागते आणि तबकडीची खरखर वर येते. बेस भरदार असेल तर खाच आणखी जागा खाते. दुसरी अडचण आतल्या कडेची. एक फेरी 1.8 सेकंदांत पुरी होते, सुई कुठेही असो. बाहेरच्या कडेला तेवढ्या वेळात साधारण 90 सेंटिमीटर खाच सुईखालून जाते, लेबलजवळ जेमतेम 40. तितकाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबला की आधी फाटतात ‘स’ आणि ‘श’, मग झांजा. बाजूचा शेवट शांत गाण्याने करतात त्यामागे भावना असेलही, पण ही भूमिती नक्की आहे.

आमच्याकडे शेवटाला दोन संथ गाणी होती आणि जागा एकच. एकाच्या मुखड्यात सहा ‘श’ आणि मागे सतत झांजांची सळसळ. दुसऱ्यात खालच्या सप्तकातला आवाज आणि हार्मोनियम. तीन आठवड्यांचा वाद तुम्ही एका वाक्यात मिटवलात. जागेच्या टंचाईचा फटका भल्याभल्यांना बसलाय: फ्लीटवूड मॅक या बँडच्या 1977च्या ‘रूमर्स’ अल्बममधून ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ हे गाणं बाहेर राहिलं त्याचं एक मोठं कारण लांबी हेच होतं, आणि ते एका सिंगलच्या (एकाच गाण्यासाठी काढलेल्या छोट्या तबकडीच्या) मागच्या बाजूला गेलं.

गाणं पूर्ण काढण्याआधी ते छाटून पाहा, हेही तुमचंच. एकाचं 41 सेकंदांचं वाद्यांचं प्रास्ताविक 12वर आलं, दुसऱ्याचा तिसरा अंतरा गेला, तिसऱ्याचा शेवट अर्धा झाला. एकूण 2 मिनिटं 50 सेकंद वाचली. पहिली छाटणी आम्हीच केली आणि ती उघडी पडली: ठेका बरोबर, स्वर बरोबर, तरी जोडाशी काहीतरी खटकायचं. तुम्ही दोनदा ऐकून सांगितलंत की समेवर वाजलेल्या झांजेचा घुमारा पुढच्या मात्रांत हवा होता, तो कापलेल्या भागाबरोबर गेला. त्याच स्वरसंगतीवर इतरत्र वाजलेल्या झांजेचा फक्त विरत जाणारा भाग उचलून जोडावर अंथरला, 15 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड दिला, म्हणजे एक आवाज विरत असताना दुसरा वर आणला. आता सांधा कुठे आहे ते आम्हालाही सापडत नाही.

क्रम लावताना पूर्ण गाणी वाजवू नका, एकाचे शेवटचे 20 सेकंद आणि पुढच्याचे पहिले 30 एवढंच जोडून ऐका, ही युक्ती तर प्रत्येकाने करून पाहावी. दहा गाण्यांचे नऊ सांधे, साडेसात मिनिटांत सगळा अल्बम तपासून होतो. पांढरी चारचं गाणं संपून लगेच काळी तीनचं सुरू झालं की गायक बेसूर झाल्यासारखा वाटतो. मधली शांतता दोनऐवजी चार सेकंद केली की कान आधीचा षड्ज विसरतो. दोन सेकंदांचा ठरावीक अवकाश सगळीकडे ठोकू नका. संपलेल्या गाण्याच्या लयीत मात्रा मोजत राहा आणि पुढचं गाणं कुठे आलं तर अडखळल्यासारखं होत नाही ते पाहा. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं आम्ही याच कारणाने बदललं.

वगळलेली चार गाणी आम्ही पुसलेली नाहीत. प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक वाद्याचे आणि आवाजाचे 24 बिटचे सुटे ट्रॅक, लय, पट्टी, आणि ते का काढलं याची एक ओळ आहे. अमेरिकी गायक-गीतकार ब्रूस स्प्रिंगस्टीननं 1978च्या अल्बमसाठी डझनावारी गाणी रचली, दहाच ठेवली. वगळलेल्यांपैकी ‘बिकॉज द नाइट’ गायिका पॅटी स्मिथच्या आवाजात त्याच वर्षी गाजलं, आणि बाकीच्यांतली बरीच 2010 साली ‘द प्रॉमिस’ म्हणून बाहेर आली. आमच्या चारपैकी एकाच्या फोल्डरमधली ओळ अशी आहे: ‘चाल चांगली, शब्द दुसऱ्या गाण्यात आधीच येऊन गेलेत.’ त्यावर नवे शब्द लिहायला घेतलेत.

टेस्ट प्रेसिंग, म्हणजे तपासणीसाठी छापलेल्या मोजक्या तबकड्या, आली की पहिली प्रत तुमच्याकडे. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं आधी लावा. खालच्या सप्तकातलं असलं तरी त्यातही दोन ‘श’ आहेत.

तुमचे,
अल्बममधले चौघे