चि. गौरीस, पार्सलसोबत

चि. गौरीस,
अनेक आशीर्वाद.

तू पहाटेच्या एसटीनं गेलीस, हे आईनं मला सात वाजता सांगितलं. दसऱ्याला घरातलं माणूस सोनं न देता गेलं, असं आपल्याकडं आजवर झालं नव्हतं. दिवसभर लोक येत होते, हातावर पानं ठेवत होते आणि जो तो विचारत होता, गौरी आली होती न्हवं? मी म्हटलं, कंपनीतून फोन आला.

फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय. नवमीच्या रात्री तू बांधतेयस त्या गाडीच्या ब्रेकवरून आपलं भांडण झालं, तो विषय पुन्हा काढणार नाही, असं आईला कबूल केलंय.

जे आधी बोलायला पाहिजे होतं ते आधी लिहितो. खंडेनवमीला सकाळी लेथला हार घालताना तू तुझ्या गाडीच्या सांगाड्याचे फोटो दाखवलेस. चार पाइप एकत्र येतात त्या कोपऱ्याचा फोटो मी मोठा करून बघितला. पंचवीस बाय पंचवीसचा चौकोनी पाइप, दीड मिलीमीटरच्या आसपासची जाडी, आणि टाका एका लयीत गेलेला. कुठं पाइप जळून भोक पडलेलं नाही, कुठं वरून लिंपलेलं नाही. इतक्या पातळ मालावर असं वेल्डिंग आपल्या गल्लीत दोघांनाच जमायचं, त्यातला एक आता कागलला कामाला गेला. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाडीवर मी तो फोटो चारचौघांना दाखवला. तुला मात्र मी काय म्हणालो? "पुढचे ब्रेक ड्रम तेच ठेवलेस काय?"

तू सांगितलेली इंग्लंडची गोष्ट मी पॅटर्नवाल्या अण्णांना सांगितली. १९५७ सालची ती लोटस सेव्हन, लोक सुटे भाग आणून घरी जोडायचे, कारण तयार गाडीवर कर होता आणि सुट्या भागांवर नव्हता. अण्णा म्हणाले, त्यात काय नवल, आपल्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं अशीच तर झाली. बाहेरचं इंजिन उघडायचं, मापं घ्यायची, लाकडाचा पॅटर्न करायचा आणि फौंड्रीत ओतायचं. दादा असते तर त्यांनी तुझ्यासाठी हट्टानं काहीतरी ओतून दिलं असतं.

तू लहान होतीस तेव्हा दसरा चौकात माझ्या खांद्यावर बसून महाराजांची मेबॅक मोटार बघायचीस. सगळी पोरं हत्ती-घोड्यांकडं बघायची. तू एकदा विचारलंस, "आबा, ह्याचं इंजिन कुठं हाय?" पुण्यात हॉस्टेलवरच्या पोरी तुला "मी आलो, मी जेवलो" म्हणतेस म्हणून हसायच्या, तेव्हा तू रडत फोन केला होतास. मी सांगितलं होतं, अजिबात बदलू नकोस. ते तू ऐकलंस. माझं बाकी काही ऐकलं नाहीस तरी चालेल, असं तेव्हा वाटलं होतं.

तुझ्या गाडीसाठी आपली जुनी फियाट पद्मिनी नेलीस याचा मला राग नाही. २०१९ च्या ऑगस्टात व्हीनस कॉर्नरकडून पाणी चढलं तेव्हा मी आक्कांना माडीवर नेत होतो, गाडीचा विचारच नव्हता. पाणी उतरल्यावर मागच्या ॲक्सलच्या हाऊसिंगचा प्लग काढला, तर आतून दुधाच्या चहासारखं ऑइल आलं. इंजिन तर गेलंच होतं. २०२१ ला परत पाणी आलं. तू टेंपो आणलास तेव्हा ती भंगारात जायची वाचली, एवढंच मला कळलं. तिचा मागचा ॲक्सल, पाटे, पुढचे हात, स्टिअरिंग बॉक्स पुन्हा रस्ता बघणार म्हणून मी किती खूश होतो, ते आईला विचार. (रस्ता म्हणजे ट्रॅकच. एजंटाला मी विचारलं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ कलमाखाली अशा गाडीचं पासिंग होत नाही. शेडपासून ट्रॅकपर्यंत टेंपोतच न्यायची, दोन किलोमीटर असले तरी.)

मारुती व्हर्साचं इंजिन निवडलंस हेही डोक्यानं केलंस. मागची चाकं फिरवणारं आहे, त्याचाच गिअरबॉक्स मागं लागतो, फक्त शाफ्ट कापून बॅलन्स करायचा आणि फियाटच्या फ्लँजला जोडायचा. पण पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चाळीसेक हॉर्सपॉवरचं. हे १२९८ सीसीचं, ऐंशीच्या वर. ताकद दुप्पट झाली आणि थांबवायला १९७८ मॉडेलचे तेच ड्रम.

बघ, आलंच.

तुझं म्हणणं मी रात्री कागदावर मांडून बघितलं. पद्मिनी नऊशे किलोच्या आसपास, तुझी गाडी साडेपाचशेची होणार. म्हणजे त्याच वेगाला ब्रेकवर भार कमीच. हे तुझं बरोबर आहे, आणि मी त्या रात्री ऐकून घेतलं नाही. पण तू त्याच वेगाला थोडीच चालवणार आहेस? वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. ड्रममध्ये ती कोंडून राहते आणि एका फेरीनंतर लगेच दुसरी फेरी असते. हे मी इंजिनिअर पोरीला शिकवायला बसलोय. माफ कर.

माझी खरी भीती वेगळीच आहे आणि ती मला नीट सांगता आली नाही, म्हणून मी ओरडलो. तुझे व्हील सिलिंडर, म्हणजे चाकातले ब्रेक दाबणारे सिलिंडर, दोन पुरांच्या गाळात बसलेले आहेत. त्यांच्या बोअरला आतून गंजाचे खड्डे पडतात, सुईच्या टोकाएवढे. नख फिरवलं तरच कळतात. तू म्हणालीस, पॉलिश पेपर मारला, नवी किट टाकली, आता गळत नाही.

मीही हेच केलं होतं.

२००३ चा मे महिना, आपण पद्मिनीतून कुणकेश्वरला निघालो होतो. तू चार वर्षांची. गगनबावड्याच्या पुढं करूळ घाट उतरत होतो. निम्म्यात आल्यावर ब्रेक लायनर जळाल्याचा वास आला. पुढच्या वळणावर पेडल दाबलं तर मऊ लागलं, गादीवर पाय दिल्यासारखं. परत दाबलं तर थेट फ्लोअरला. एका सिलिंडरच्या वॉशरनं जीव सोडला, आणि त्या गाडीला ब्रेक ऑइलची एकच लाइन, त्यामुळं चारी चाकांचा ब्रेक एकदम गेला. समोरून लाकडाचा ट्रक चढत होता. मी दुसरा गिअर मारला, हँडब्रेक ओढला आणि डाव्या बाजूची चाकं डोंगराकडच्या गटारीत घातली. बंपर दगडाला घासत घासत गाडी थांबली. आई एक शब्द बोलली नाही. तू मागच्या सीटवर उभी होतीस, गालात लिमलेटची गोळी. टाळ्या वाजवून म्हणालीस, "आबा, अजून एकदा!"

त्या सिलिंडरमधला खड्डा मी महिनाभर आधी बघितला होता. नवा सिलिंडर घ्यायचे पैसे वाचवले होते. नंतर कोकणात आपण दरवेळी एसटीनंच गेलो. दारात गाडी असताना एसटी का, म्हणून तू भांडायचीस. त्याचं उत्तर मी तुला आज देतोय.

त्या रात्री मी विचारलं, "हे सगळं तुला शिकवलं कुणी?" तू म्हणालीस, "तुम्ही नाही. तुम्ही कधी लेथला हात लावू दिलात?" ते मला लागलं, कारण खरं होतं. तुझी वेणी कमरेपर्यंत होती गं. लेथच्या फिरत्या चकमध्ये सदऱ्याची बाही गेलेला माणूस मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. केस बांधून, मागं उभा राहून शिकवता आलं असतं. मी सोपं केलं, शटरच्या बाहेर उभं केलं. इथंही मला भीतीच वाटली होती.

आता खोक्याचं. पुढच्या ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवायचं सामान आहे. माळ्यावर पद्मिनीचा एक जादा स्टब ॲक्सल (पुढचं चाक फिरतं तो) पडला होता, तो उतरवला आणि त्याच्या मापानं मारुती ८०० चे कॅलिपर, म्हणजे डिस्कला पॅडनं चिमटीत धरणारे, बसतील अशा दोन प्लेटा केल्या. बारा मिलीमीटरच्या आहेत. डिस्क हबवर मध्यभागी बसावी म्हणून दोन रिंगा टर्न केल्यात. डिस्क, कॅलिपर आणि मागच्या चाकांचे दोन सिलिंडर नवे आहेत, जुने सरळ फेकून दे. पेडलनं दाबला जाणारा मास्टर सिलिंडर पद्मिनीचा ठेवू नकोस. ड्रमच्या मास्टरमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, डिस्कला तो चालत नाही, पॅड घासत राहतात. दोन लाइनींचा टँडम घे, म्हणजे एक लाइन गेली तरी दुसरी उरते. चाक चढवण्याआधी कॅलिपर आणि रिमच्या मध्ये बोट जातं का बघ. बोल्ट मी दिलेलेच लाव. तुला हे पटत नसेल तर तसंच पडू दे, मी विचारणार नाही. सिलिंडर तेवढे बदल.

कागदाच्या पुडीत आपट्याची पानं आहेत, ती आईनं घातली. चिवडा आक्कांचा.

डाव्या प्लेटवर पंचचा एक ठिपका आहे, उजव्या प्लेटवर दोन. ट्रॅकवर मला बोलव, असं मी म्हणत नाही. आदल्या दिवशी इंजिन चालू ठेवून ब्रेकचं पेडल जोरात दाब आणि घड्याळ लावून मिनिटभर तसंच धर. पेडल खाली सरकलं की जागेवर राहिलं, तेवढं कळव. मेसेज केलास तरी चालेल.

तुझे,
आबा