म्हादईचे दोन टक्के

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रसदरात अलीकडे एका वाचकाने विचारले होते, की म्हादई नदीच्या (हीच पुढे मांडवी होते) 188 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाण्यातले जेमतेम चार टीएमसी कर्नाटकाने आपल्या मलप्रभा नदीत नेले तर गोव्याचे एवढे काय बिघडणार? बाकीचे शेवटी समुद्रातच जाते ना? प्रश्न रास्त आहे आणि त्याची टर उडवून भागणार नाही. म्हादईवर आपल्याकडे भाषणे पुष्कळ झाली, पण या साध्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचे कुणी मनावर घेतलेले नाही. म्हणून हे पत्र, जरा लांबले तरी.

पत्रलेखकाचे आकडे चुकीचे नाहीत. न्या. जे. एम. पांचाळ यांच्या अध्यक्षतेखालील म्हादई जलतंटा लवादाने 14 ऑगस्ट 2018 रोजी निवाडा दिला. त्यात खोऱ्यातले भरवशाचे वार्षिक पाणी 188.06 टीएमसी धरले आहे. गोव्याला 24, कर्नाटकाला 13.42 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी अशी वाटणी झाली. कर्नाटकाच्या वाट्यातला मोठा भाग वीजनिर्मितीचा आहे. खोऱ्याबाहेर, म्हणजे मलप्रभेत न्यायचे पाणी 3.9 टीएमसी: म्हादईला मिळणाऱ्या कळसा नाल्यातून 1.72 आणि भांडुरा नाल्यातून 2.18. भागाकार केला तर दोन टक्क्यांच्या आसपास येते. दोन टक्क्यांसाठी कोण भांडेल?

गोम अशी, की 188 हा आकडा वर्षाचा आहे आणि म्हादई वर्षाच्या हिशेबाने वाहत नाही. घाटात मृगापासून पाऊस कोसळतो तेव्हा तिचे पात्र दोन्ही काठ गिळते, आणि मार्चमध्ये उसगावच्या वर तिच्यातून गुडघाभर पाण्यात चालत पलीकडे जाता येते. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी मांडवीच्या खाडीचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांच्या लिखाणात उसगावजवळच्या गांजे येथील प्रवाह असा दिला आहे: जून ते ऑक्टोबर सरासरी सेकंदाला सुमारे 258 घनमीटर, आणि नोव्हेंबर ते मे फक्त 6. होय, सहा. आता पेन घेऊन बसा. सेकंदाला 6 घनमीटर या दराने सात महिन्यांत गांजेखालून किती पाणी जाते? सुमारे 11 कोटी घनमीटर, म्हणजे 3.9 टीएमसीला जवळपास चिकटून. जे पाणी वर्षाच्या हिशेबात दोन टक्के दिसते ते नदीच्या संपूर्ण उन्हाळ्याएवढे आहे.

यावर कर्नाटकाची बाजू मांडणारे म्हणतील, की आम्ही पाणी पावसाळ्यातच उचलू. मान्य, कागदावर तसे लिहिता येईल. पण कर्नाटकातल्या कणकुंबीच्या डोंगरात एकदा पाणी उपसायची जॅकवेल झाली, पंप बसले, नळ घातले, वीज आली आणि एखाद्या वर्षी हुबळी-धारवाडला नळ कोरडे पडले, तर मार्चमध्ये पंपाची कळ बंद ठेवण्याचा आदेश कोणता मंत्री देईल? मी तरी त्या मंत्र्याला दोष देणार नाही. म्हणूनच ती कळ तिथे असू नये. शिवाय उन्हाळ्यातले सहा घनमीटर आभाळातून पडत नाहीत. पावसात घाटमाथ्याच्या जंगलाने मुरवून ठेवलेले पाणी झऱ्यांतून, व्हाळांतून हळूहळू सुटते, तेच हे. चर खणून, झाडे तोडून त्याच माथ्यावर हात घातला तर बिघाड पावसाळ्यापुरता राहत नाही.

राहिला 'समुद्रात वाया जाणारे पाणी' हा मुद्दा. मांडवीत भरतीचे पाणी थेट गांजेपर्यंत, मुखापासून जवळपास पन्नास किलोमीटर आत चढते. पावसाळ्यात गोड पाणी खारे पाणी बाहेर ढकलते, ऊन वाढले की खारे पाणी पुन्हा आत सरकते. ही ढकलाढकल शेकडो वर्षांची आहे आणि खाजन शेती, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली शेती, तिच्यावरच उभी आहे. दिवाडी, चोडण, कुंभारजुवेतल्या जुन्या शेतकऱ्यांना विचारा. पावसाच्या पाण्याने शेतातले मीठ धुऊन निघते, मगच खाऱ्या जमिनीतले कोरगुट भात उभे राहते, आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणदाराच्या, फळ्या भरती-ओहोटी पाहून उघडायच्या-लावायच्या असतात. तिसऱ्या आणि खुबे हे शिंपले ज्या खाडीतून काढतात तिलाही गोड्या पाण्याचा हप्ता ठरलेला आहे. नदी समुद्राला मिळते तेव्हा वाया गेली असे म्हणणाऱ्याने एकदा पणजीच्या मासळी बाजारात जाऊन हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहावे. (पणजीला तिच्या मुखाशी आपण स्वतः कॅसिनोंची जहाजे तरंगत ठेवली आहेत तो वेगळा विषय, पण नदीला आई म्हणणाऱ्यांनी रात्री मांडवी पुलावरून खाली बघायला हरकत नाही.)

आता मूळ मुद्द्यावर येतो, आणि तो कर्नाटकाविषयी नाही.

29 डिसेंबर 2022 रोजी केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकाच्या कळसा-भांडुराच्या सुधारित प्रकल्प अहवालाला मान्यता दिली तेव्हा गोवा पेटून उठला. जानेवारीत विधानसभेने एकमताने ठराव केला, सभागृह समिती नेमली गेली. साखळीत परवानगी नाकारली म्हणून सभा विर्डीला घ्यावी लागली, तरी लोक लोटले. त्याच महिन्यात सरकारने केलेली एक गोष्ट मात्र भाषणांच्या गदारोळात दिसेनाशी झाली. गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 29 खाली कर्नाटकाला नोटीस पाठवली. माझ्या मते त्या हिवाळ्यातले ते सर्वांत शहाणपणाचे पाऊल होते. हे कलम वाचण्यासारखे आहे. अभयारण्यात येणारा किंवा बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह वळवणे, अडवणे किंवा वाढवणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याशिवाय चालत नाही. आणि तो परवाना देण्यालाही एकच कारण चालते, ते म्हणजे तिथल्या वन्यजीवांचे भले. पिण्याचे पाणी, ऊस, कारखाना यांपैकी काहीही त्यात बसत नाही. कळसा, हलतरा, सुर्ल या व्हाळांचे पाणी उतरते ते 208 चौरस किलोमीटरच्या आपल्या म्हादई अभयारण्यात. टीएमसीच्या भांडणात गोवा एका निवाड्यात हरला, दुसऱ्यात जिंकेल, तिसऱ्यात पुन्हा हरेल. जंगलाच्या बाजूने उभे राहिलो तर पायाखालची जमीन पक्की आहे.

मग त्याच सरकारने काय करावे? जानेवारी 2020 मध्ये सत्तरीतल्या गोळावलीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मारले गेले. त्याआधी कित्येक वर्षे 'गोव्यात वाघ नाहीत, येतात-जातात' असे आम्हाला सांगितले जात होते. आली-गेली वाघीण तीन पिल्ले घेऊन राहते का? 24 जुलै 2023 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई अभयारण्य आणि लगतचा भाग तीन महिन्यांत व्याघ्र राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित करा, असा आदेश दिला. व्याघ्र राखीव क्षेत्राची जमीन आणि त्याला जोडणारे पट्टे पर्यावरणाला न झेपणाऱ्या कामासाठी वळवायचे तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता आणि व्याघ्र प्राधिकरणाचा सल्ला लागतो. कर्नाटकातले भीमगड, आपले म्हादई, महाराष्ट्रातले दोडामार्ग-तिळारीचे जंगल हा वाघांचा एकच रस्ता आहे. म्हणजे कर्नाटकाला अडवायला याहून भक्कम कुंपण मिळणार नव्हते. आमचे सरकार या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. एका दालनात म्हणायचे, या जंगलाचे पाणी नेऊ नका, ते वन्यजीवांचे आहे. शेजारच्या दालनात म्हणायचे, हे जंगल वाघांसाठी राखू नका. समोरचा वकील ही दोन्ही कागदपत्रे एकत्र ठेवणार नाही, असे पणजीत कुणाला वाटते का?

सत्तरीत राहतो म्हणून दुसरी बाजूही मला ठाऊक आहे. इथे काजूच्या बागायती आहेत, त्या पिढ्यान्‌पिढ्या कसल्या जातात, आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा हा सातबाराच) कसणाऱ्याचे नाव शोधून सापडत नाही. 1999 मध्ये अभयारण्य जाहीर झाले. लोकांच्या हक्कांचा निवाडा मात्र वर्षानुवर्षे रखडत राहिला. अशा माणसाला 'व्याघ्र प्रकल्प आला की तुम्हाला उठवणार' एवढे सांगितले की पुरते. निवडणुकीच्या तोंडावर ते सांगणारेही असतात, आणि विशेष म्हणजे त्यांतले काही जण म्हादई बचावच्या व्यासपीठावरही पहिल्या रांगेत बसतात. उच्च न्यायालयाने हक्कांचे दावे निकाली काढा असेही बजावले होते, ते लोकांपर्यंत कुणी पोचवले? माझे म्हणणे एवढेच, की करंझोळच्या किंवा कुमठळच्या माणसाला त्याच्या बागायतीचा कागद हातात मिळाला तर नदीच्या बाजूने तो तुमच्या-माझ्याआधी उभा राहील. कोरड्या पात्राचा पहिला चटका त्यालाच बसतो.

कर्नाटकातल्या शेतकऱ्यांविषयी आपल्याकडे जे बोलले जाते तेही मला पटत नाही. नरगुंद-नवलगुंदचे लोक 2015 पासून रस्त्यावर बसले ते हौसेने नव्हे; मलप्रभेवरचे नविलुतीर्थ धरण अनेक वर्षी पुरते भरत नाही हे खरेच आहे. पण ते का भरत नाही, लाभक्षेत्रात कमी पाण्याच्या पिकांच्या जागी ऊस कसा पसरला, हे प्रश्न त्यांच्या पुढाऱ्यांना विचारायचे आहेत. मलप्रभाही त्याच कणकुंबीत उगम पावते. तिच्या माथ्यावरचे जंगल राखले तर तिचेही भले आहे, आणि खानापूर तालुक्यातली आपली मराठी माणसे, बेळगावचे पर्यावरणप्रेमी हेच बोलत आले आहेत. त्यांच्या आवाजाला आपली वर्तमानपत्रे जागा देतात ती फार थोडी. महाराष्ट्रालाही यातून सुटका नाही. महाराष्ट्रातल्या विर्डीच्या धरणाने वाळवंटी नदीचे पाणी अडले तर साखळीला त्याची झळ बसेल, आणि तिथे मात्र आपला आवाज जरा खालच्या पट्टीत लागतो. निवाड्यात गोव्याला मिळालेल्या 24 टीएमसीचे तरी काय करणार आहोत? आपल्याच धरणांसाठी आपण ते मागितले होते. मुक्त वाहणारी नदी हवी असेल तर आपल्या यादीतली धरणेही पुन्हा तपासावी लागतील.

सरकारकडे मागणे फार नाही. सर्वोच्च न्यायालयातला व्याघ्र क्षेत्राविरुद्धचा विरोध मागे घ्यावा. हक्कांच्या दाव्यांची गावनिहाय यादी आणि सुनावणीच्या तारखा पंचायतीच्या फलकावर लावाव्यात. सभागृह समितीच्या बैठकांचे इतिवृत्त लोकांसमोर ठेवावे.

आपल्याकडेही एक विनंती आहे. पावसाळ्यात साळावली, अंजुणे, तिळारी या धरणांत किती टक्के पाणी आहे, हे आपण आवर्जून छापता. गांजेला केंद्रीय जल आयोगाचे मोजणी केंद्र आहे. नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत आठवड्यातून एकदा तिथल्या प्रवाहाचा आकडा मिळवून त्याच चौकटीत द्यावा. कर्नाटकाला मान्य असो वा नसो, निदान आमच्या आमदारांना तो पाठ होईल.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
वाळपई, सत्तरी (गोवा)