नाला गुळगुळीत केला, पुढे काय?

महोदय,
नाल्यातले गवत उपटून तळाला काँक्रीट ओतण्याची भारी घाई असते. नाल्या-नदीतल्या पाण्याचा वेग काढण्याच्या मॅनिंगच्या सूत्रानुसार तळ जितका खडबडीत, तितका पाण्याचा वेग कमी. गुळगुळीत काँक्रीटचा खडबडीतपणा-गुणांक साधारण ०.०१३, गोट्यांच्या तळाचा ०.०३ च्या आसपास. दाट झुडपांत तो ०.१ च्याही वर जातो. म्हणजे उतार आणि खोली तीच असली तरी काँक्रीटवरून पाणी गोट्यांच्या दुपटीहून अधिक वेगाने धावते, आणि खालच्या वस्तीत पूर लवकर चढतो. लवचीक गवत तर जोराच्या प्रवाहात आडवे होऊन वाट देते, शिवाय मुळांनी काठ धरून ठेवते. ताठ झुडपे मात्र रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी नकोतच, तिथे पाणी तुंबते. सरसकट सफाईची कंत्राटे काढणारे हा फरक तपासतात का?

– एक वाचक