नाताळच्या नाटकाचा पडदा म्हणजे ग्रीटिंग कार्ड नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळच्या नाटकांवरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, लेख चांगलाय पण त्यात एका ठिकाणी म्हटलंय की आता एलईडी स्क्रीन आल्यामुळे रंगवलेल्या पडद्याची गरजच उरली नाही, नेटवरून बर्फाचा एखादा फोटो उचलायचा आणि मागे लावायचा. मी स्टेजचे पडदे रंगवते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

स्क्रीनशी माझं वैर नाही. पण ती स्वतः उजेड फेकते, तिच्यापुढे उभा असलेला माणूस काळपट दिसतो, मग चेहरा दिसावा म्हणून पुढचे लाईट वाढवायचे, ते वाढवले की स्क्रीन फिकी पडते म्हणून तिचा ब्राइटनेस वाढवायचा, ही चढाओढ नाटक संपेपर्यंत चालते आणि मरीया नक्की कुठे बसलीय ते प्रेक्षक शोधत राहतात. फ्लेक्सची तऱ्हा वेगळी, तो चकचकीत असतो, स्पॉटलाईट पडला की बेथलेहेमच्या मधोमध पांढरा डाग! मांजरपाटावर सरस (चिकटवायचा गोंद) आणि खडूचा हात देऊन रंगवलेला पडदा मात्र चमकत नाही, लाईटवाला सांगेल तेवढाच दिसतो.

आता बर्फ. बर्फ म्हटलं की लोक डब्यातला पांढरा सरळ फासतात. स्टेजवर नुसता पांढरा म्हणजे सगळ्यात जास्त उजेड परत फेकणारी जागा, नटाच्या तोंडापेक्षा तोच आधी डोळ्यात भरतो. म्हणून बर्फ राखाडी-निळ्यात करायचा आणि पांढरा फक्त छपरांच्या कडेला बारीक ठेवायचा, लांबून तो पांढराशुभ्रच दिसतो. रात्रीचं उलटं, आकाश काळं रंगवलं की मागे भोक पडल्यासारखं दिसतं, तिथे गडद निळा हवा. तोही ट्यूबलाईटखाली ठरवू नका, पिवळसर लाईट पडला की निळ्याचा मळकट राखाडी होतो, आणि हे पहिल्या प्रयोगाला कळून काय उपयोग? चांदणी तर रंगवूच नये. कापडाला छोटं भोक पाडून मागून बल्ब द्या, समोरचा लाईट उतरला की ती आपोआप उठून दिसते. देवदूत प्रकट व्हायचा असेल तर जाळीच्या पडद्यावर चित्र काढा, पुढून लाईट असेपर्यंत चित्र दिसतं आणि पुढचा घालवून मागचा दिला की जाळी जणू नाहीशी होऊन मागचा माणूस दिसतो. ही युक्ती फार जुनी आहे पण अजूनही प्रेक्षक हमखास आ वासतात.

पण मुळात येशूजन्माच्या प्रसंगात एवढा बर्फ आणि सूचिपर्णी झाडं येतात कुठून? व्हिक्टोरियन लंडनचं नाटक असेल तर बर्फ, धुकं, धुराडी सगळं हवंच, माझी ना नाही. बेथलेहेम मात्र चुनखडीच्या टेकड्यांवर आहे, तिथे ऑलिव्हची झाडं, सपाट छपरांची दगडी घरं, बर्फ पडतो पण क्वचित. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत, बर्फाचा शब्द नाही. लाकडी उतरत्या छपराचा गोठा आपल्या डोक्यात बसलाय तो युरोपातल्या चित्रांमुळे. ज्यांना तोच आवडतो त्यांनी करावा, फक्त डाऊनलोड केला म्हणून नको, ठरवून करा.

आणखी एक, घरं लहान-लहान होत लांब जाताना दाखवली असतील तर नटांना पडद्याला खेटून उभं करू नका. मेंढपाळ दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत डोकावताना दिसतो आणि वर त्याची सावली थेट आकाशावर पडते. दिग्दर्शक लोक हे ऐकत नाहीत, असो.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आग, ज्याचा तुमच्या लेखात उल्लेखच नाही. 30 डिसेंबर 1903 ला शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरात सुट्टीतला दुपारचा खेळ चालू होता, बायका-मुलांनी हॉल भरलेला, आर्क लाईटची, म्हणजे त्या काळच्या प्रखर स्टेजदिव्याची, ठिणगी कापडाला लागली, वर टांगलेले रंगीत पडदे पेटत गेले आणि 600 हून जास्त माणसं गेली. थिएटर नवंकोरं होतं, आग लागूच शकत नाही अशी त्याची जाहिरात होती! आजही नाताळच्या सेटवर कापूस, थर्माकोल, सुकं गवत आणि दिव्यांच्या माळा एकाच कोपऱ्यात कोंबलेल्या असतात. सुती कापड रंगवण्याआधी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यातून काढायची जुनी पद्धत आहे, त्याने ते चटकन पेट घेत नाही, पण कापड धुतलं की तो गुण जातो, मग परत करावं लागतं. पडदा टांगण्याआधी त्याच्याच कापडाची एक पट्टी बाहेर मोकळ्यावर नेऊन काडी लावून बघा, काडी बाजूला केल्यावरही ती जळतच राहिली तर तो पडदा लावू नका, मग त्यावर कितीही मेहनत घेतलेली असो.

आपली,
पडदे रंगवणारी एक वाचक