जिवंत माणसाला श्रद्धांजली

डिअरबॉर्न, मिशिगन

तीर्थरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत की, आयुष्यभर रेडिओ ऐकलेली, गाणे जाणणारी, चांगली शिकलीसवरलेली माणसे एका हयात गायिकेला श्रद्धांजली वाहून मोकळी कशी होतात. पंचवटीतल्या तुमच्या श्रोता मंडळाच्या ग्रुपवर ती बातमी आली आणि अर्ध्या तासात हार घातलेला फोटो तयार झाला, तिच्या गाण्यांचा कार्यक्रम कुठल्या सभागृहात ठेवायचा इथवर चर्चा गेली, हे ऐकून मला हसू आले खरे. पण तुमचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शिवाय या जातीची सर्वांत गाजलेली अफवा ज्या रेडिओ केंद्रावरून उधळली, त्याचा परवाना मी नोकरी करतो त्या डिअरबॉर्न गावाचाच होता. तेव्हा उत्तर जरा सविस्तर लिहितो.

बीटल्स या इंग्लिश गायक-वादक चौकडीतला पॉल मॅकार्टनी तुम्हाला ठाऊक आहेच. १९६८ साली हृषीकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात येऊन राहिलेल्या चौघांपैकी एक. तो नोव्हेंबर १९६६ मध्येच मोटार अपघातात गेला, बाकीच्या तिघांनी त्याच्या जागी हुबेहूब दिसणारा तोतया उभा केला, आणि मन खात असल्यामुळे तबकड्यांत व त्यांच्या वेष्टनांवर खुणा पेरून ठेवल्या, अशी ती अफवा होती. तोतयाची कल्पना आपल्याकडे पेशवाईपासून रुळलेली असल्याने तुम्हाला त्यात नवल वाटणार नाही. १७ सप्टेंबर १९६९ रोजी आयोवा राज्यातल्या ड्रेक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात या कुजबुजीवर लेख आला, तरी ती महाविद्यालयांच्या आवाराबाहेर फारशी गेली नव्हती. १२ ऑक्टोबरच्या रविवारी डब्ल्यूकेएनआर-एफएम या केंद्रावर रस गिब नावाचा निवेदक कार्यक्रम करत असताना टॉम नाव सांगणाऱ्या एका तरुणाचा फोन आला. बीटल्सची 'रिव्होल्यूशन नाइन' ही ध्वनिरचना उलटी वाजवून पाहा, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्या रचनेत एक आवाज 'नंबर नाइन' हे शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतो. ते उलटे ऐकले की 'टर्न मी ऑन, डेड मॅन' असे ऐकू येते म्हणे. गिबने कार्यक्रम चालू असतानाच तबकडी उलटी फिरवली, आणि केंद्राचे फोन खणखणू लागले.

हा प्रकार मी इथल्या एका जुन्या तबकड्यांच्या दुकानात स्वतः पाहिला आहे. दुकानदाराने मोटर बंद केली, तबकडीच्या मधल्या कागदी लेबलवर बोट टेकवले आणि ती हलक्या हाताने डावीकडे फिरवू लागला. सुई खरखरत होती, त्याच्या बोटाची गती कमीजास्त होईल तसा आवाज जाड-बारीक होत होता, आणि मला त्यात एकही शब्द उमगला नाही. मग त्याने काय ऐकायचे ते सांगितले, पुन्हा फिरवले, आणि या खेपेस ते शब्द मला लख्ख ऐकू आले. आगगाडीच्या चाकांच्या ठेक्यात आपल्या मनातले शब्द ऐकू येतात, तसाच हा खेळ. फरक इतकाच की रेडिओवर ते शब्द एकाच वेळी हजारो घरांत आधी सांगितले गेले आणि मग ऐकवले गेले. ज्याच्या घरी ती तबकडी होती, तो रात्री स्वतः खातरजमा करायला बसला, आणि स्वतःच्या कानांनी मिळवलेल्या पुराव्यावर माणसाचा जितका विश्वास बसतो तितका निवेदकाच्या सांगण्यावर बसत नाही.

यापुढची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. तो कार्यक्रम ऐकणाऱ्यांत जवळच्याच अ‍ॅन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठाचा फ्रेड लाबूर हा विद्यार्थी होता. 'अ‍ॅबी रोड' या नव्या तबकडीचे परीक्षण लिहिण्याचे काम त्याच्याकडे होते. त्याने ते थट्टेवारी नेले आणि १४ ऑक्टोबरच्या 'मिशिगन डेली'त, पॉल मरण पावल्याचा नवा पुरावा उजेडात आला, असा लेख लिहिला. त्यातल्या कित्येक खुणा आणि विल्यम कॅम्पबेल हे तोतयाचे नावसुद्धा त्याने मनाने रचले होते. पुढे याच विषयावर टीव्हीसाठी खोटा खटला उभा करण्यात आला, तेव्हा लाबूरने प्रख्यात वकील एफ. ली बेली यांना आपण हे सारे रचल्याचे आधीच सांगितले. त्यावर, आपल्याला एक तासाचा कार्यक्रम भरायचा आहे, तेव्हा तू निभावून ने, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. ही हकिकत लाबूरनेच नंतर सांगितलेली आहे.

'अ‍ॅबी रोड'च्या वेष्टनाचा चाहत्यांनी कसा कीस पाडला ते पाहण्यासारखे आहे. चौघे रस्ता ओलांडताहेत, त्यांत पॉल अनवाणी. म्हणून तो प्रेत. सर्वांत पुढचा, बीटल्समधलाच जॉन लेनन पांढऱ्या कपड्यांत, म्हणून तो धर्मगुरू. मागे उभ्या असलेल्या फोक्सवॅगनच्या क्रमांकात '२८ आयएफ' अशी अक्षरे, म्हणजे जगला असता तर तो २८ वर्षांचा असता. पॉलचा जन्म १८ जून १९४२ चा, म्हणजे तेव्हा त्याला २७ पूर्ण होती. हे कोणी दाखवून दिले, की पौर्वात्य लोक गर्भातले दिवसही वयात धरतात असे उत्तर तयार असे. आपल्या आजीने त्याला 'अठ्ठाविसावे चालू आहे' असे म्हणून वाद मिटवला असता. प्रत्यक्षात ८ ऑगस्टला छायाचित्र काढताना ऊन कडक होते, एवढेच पॉलचे अनवाणी असण्याचे स्पष्टीकरण. ज्यांनी खुणा शोधल्या ते बीटल्सचे वैरी नव्हते, बेफिकीर श्रोतेही नव्हते. एकेक तबकडी शंभरदा ऐकलेले, वेष्टनावरचा बारीकसा तपशील तोंडपाठ असलेले ते भक्त होते. तुमच्या मंडळातही कुठल्या गाण्यात सारंगी कोणाची आहे यावर तास न् तास वाद घालणारी मंडळी आहेत. अफवेने अशा माणसांच्या हाती त्यांना आवडणारे आणि जमणारे काम दिले. जुन्या तबकड्यांचा खप वाढला तो त्यामुळेच.

२१ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएबीसी केंद्रावर रॉबी यॉन्ग हा निवेदक यावर बोलू लागला. मीडियम वेव्ह रात्री किती दूर पोहोचते हे दूरची केंद्रे धरण्यासाठी सुई मिलिमिटराने सरकवणाऱ्या तुम्हाला मी काय सांगावे! पन्नास हजार वॉटच्या त्या केंद्राचा आवाज रात्री अनेक राज्यांत जाई. वरिष्ठांनी यॉन्गला कार्यक्रमाच्या मध्येच उठवले, आणि ज्यांना तोवर शंका होती त्यांचीही खात्री पटली, कारण खरे बोलणाऱ्याचा आवाज बंद केला असेच त्यांना वाटले.

खुलासेही असेच उलटले. स्वतः लेननने डब्ल्यूकेएनआरशी फोनवर बोलताना ही अफवा खुळचट ठरवली. ७ नोव्हेंबर १९६९ च्या 'लाइफ' साप्ताहिकाने स्कॉटलंडमधल्या शेतावर बायकामुलांसह राहणाऱ्या पॉलचे छायाचित्र मुखपृष्ठावर छापले. तर कोणीतरी ते पान उजेडासमोर धरले आणि पाठीमागच्या जाहिरातीतली मोटार पॉलच्या अंगावरून आरपार गेलेली दिसते, हा अपघाताचा नवा पुरावा काढला! त्याच मुलाखतीत पॉलने बीटल्स हे प्रकरण आता संपले आहे असे सरळ सांगितले होते. वृंद फुटल्याची ती खरी बातमी छापील अक्षरांत लोकांसमोर होती आणि जवळजवळ कोणाच्याच नजरेत भरली नाही. जगाला ती कळली एप्रिल १९७० मध्ये. ज्याच्या मरणाचा शोध चालला होता तो मात्र पुढे अर्धशतकाहून अधिक काळ गात राहिला.

आता आपल्याकडचे. तुमच्या मंडळात जे घडले त्याची जात मला थोडी वेगळी दिसते. डिअरबॉर्नला लागून असलेल्या डेट्रॉइटच्या पोरांना गूढ उकलायचे होते. आपल्या मंडळींना सर्वांआधी शोक व्यक्त करायचा होता. लताबाई जानेवारी २०२२ मध्ये ब्रीच कँडीत होत्या, तेव्हा त्यांच्या निधनाच्या खोट्या बातम्या इतक्या फिरल्या की अफवा पसरवू नका, असे त्यांच्या वतीने जाहीर सांगावे लागले. त्या गेल्या ६ फेब्रुवारीला. त्याच वर्षी नोव्हेंबरात विक्रम गोखले पुण्याच्या रुग्णालयात असताना हेच झाले, आणि ते गेले २६ तारखेला. कलाकार वृद्ध असतो, रुग्णालयात असतो, बातमी आज ना उद्या येणार असे मनाने धरलेले असते, लेख आणि फोटो आधीच निवडून ठेवलेले असतात. मग कोणी नुसते 'गेल्याचे समजते' म्हटले तरी पुरते. माझे मत विचाराल तर मला डेट्रॉइटची पोरे बरी वाटतात. त्यांनी निदान तबकडी काढून ऐकली तरी. तुमच्या ग्रुपवर त्या अर्ध्या तासात एकानेही रुग्णालयाचे वा घरच्यांचे निवेदन आले आहे का, असे विचारले नाही. आणि चूक कळल्यावर खुलासा टाकणाऱ्यालाच 'अशुभ बोलू नका' म्हणून गप्प केले, हे तर मला अजून पटत नाही. पुढच्या वेळी तुम्ही त्या मंडळींना एवढेच विचारा, की हे तुम्हाला कोणी सांगितले, आणि त्याला कोणी सांगितले. दुसऱ्या पायरीवरच बहुतेकांचे उत्तर संपेल.

अर्थात बातमी अधिकृत ठिकाणाहून आली तर श्रोत्याने करावे काय, हा पेच उरतोच. २२ मार्च १९७९ रोजी जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात हयात असताना पंतप्रधान मोरारजीभाईंनी लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा केली, सभागृहाने श्रद्धांजली वाहिली आणि आकाशवाणीनेही ती बातमी दिली. ते गेले त्यानंतर सहा महिन्यांनी, ८ ऑक्टोबरला. तुम्ही तेव्हा नाशिक रोडला नोकरीत होतात. त्या दिवशी ही बातमी तुमच्यापर्यंत कोणी आणली, काम थांबले होते का, आणि संध्याकाळी खरे काय ते कळल्यावर लोक रेडिओविषयी काय बोलले, हे मला सविस्तर लिहून पाठवा. फोनवर नको, फोनवर तुम्ही दोन वाक्यांत आटोपता.

आईला नमस्कार सांगा. तिच्या डोळ्यांचे ड्रॉप्स येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो.

तुमचा,
धाकटा