फिलिसचं कपाट आणि तुझी वही

फ्रीमाँट, रविवार

ती. आईस,
सा. न.

काल फोन का उचलला नाही म्हणून तू रागावली असशील. सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते. कशासाठी ते फोनवर सांगून झालं नसतं, म्हणून हे पत्र. बाबांनाही वाचून दाखव.

तिथे नॉर्थ बीच भागात कोलंबस अव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावर एका तळघरात 'पर्पल अनियन' नावाचा छोटा क्लब होता. ७ मार्च १९५५ ला फिलिस डिलर नावाची बाई तिथे पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिली, लोकांना हसवायला. वय ३७, घरी पाच मुलं. राहायची आमच्या इथून जवळच, अलामेडाला. नवऱ्याची नोकरी धड टिकत नव्हती, म्हणून ही ओकलंडच्या रेडिओ केंद्रात जाहिराती लिहायची. पण नवरा तिच्या मागेच लागला होता, तू स्टेजवर जा म्हणून. दोन आठवड्यांसाठी मिळालेलं ते काम दीड वर्षाहून जास्त चाललं. मी बराच वेळ फुटपाथवर उभी होते. मलाही यंदा ३७ पूर्ण झाली ना, त्यामुळे असेल.

तिच्याआधी कुणी बाई नव्हतीच असं नाही. मॉम्स मेबली होती, जीन कॅरल होती. पण क्लबात एकट्या बाईनं उभं राहून तासभर विनोद सांगायचे, हे तेव्हा पुरुषांचंच काम समजलं जायचं. हिनं विषय आणले ते आपल्या ओट्यावरचे. बिघडलेला स्वयंपाक, न झालेली इस्त्री, साचलेली धुणी, सासू. मुलं वाढत्या वयाची असताना घर आवरणं म्हणजे बर्फ पडायचा थांबायच्या आत अंगण झाडणं, अशा अर्थाचा तिचा एक विनोद फार प्रसिद्ध आहे. तुला इथला बर्फ बघायची गरज नाही. आम्ही तिघं भावंडं उन्हाळ्याच्या सुट्टीत घरात असायचो, ते आठव म्हणजे झालं.

केस पिंजारलेले, अंगात भडक झगा, हातात लांब नळीत सिगारेट. ती सिगारेट लाकडाची होती, बाई कधी सिगारेट ओढत नव्हती! झगा ढगळ का, तर बांधा चांगला होता आणि तो दिसला असता तर स्वतःच्या रूपावरचे विनोद कुणाला पटले नसते. 'फँग' नावाच्या नवऱ्याची ती सारखी टर उडवायची, तो नवराही मनानं रचलेलाच. हे सगळं ठरवून, मोजूनमापून केलेलं होतं. खरं सांगू, रूपावरचे ते विनोद मला अजूनही टोचतात. बाईनं आधी स्वतःला कुरूप म्हणायचं, तेव्हा कुठे लोक तिचं बोलणं ऐकणार, हे मला पटत नाही. पण त्या काळी दार तेवढंच उघडं होतं, आणि ती त्यातून आत गेली.

एकदा वॉशिंग्टनमधल्या एका क्लबात तिचा कार्यक्रम साफ पडला. ती गुपचूप निघून जात होती. प्रेक्षकांत बॉब होप बसला होता, त्या वेळचा सगळ्यात मोठा विनोदवीर. त्यानं तिला गाठून तिचं कौतुक केलं. पुढे त्यानं तिला आपल्या सिनेमांत आणि टीव्हीच्या कार्यक्रमांत घेतलं, १९६६ मध्ये सैनिकांसमोर कार्यक्रम करायला व्हिएतनामलाही नेलं. पडलेल्या दिवशीसुद्धा त्याला तिच्यातलं दिसलं, याचं मला फार वाटतं.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. तिच्याकडे लोखंडी कपाट होतं, छोट्या खणांचं. पन्नासच्या आसपास खण आणि त्यांत बावन्न हजारांवर कार्डं! प्रत्येक कार्डावर टाइप केलेला एक विनोद, विषयवार, अक्षरांच्या क्रमानं लावलेला. स्वतःचे होतेच, पण इतरांकडून विकत घेतलेलेही होते. तिनं जिवंतपणीच ते कपाट वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयाला देऊन टाकलं. २०१२ मध्ये ती गेली, ९५ वर्षांची होऊन. २०१७ मध्ये संग्रहालयानं लोकांना हाक दिली आणि शेकडो स्वयंसेवकांनी घरबसल्या ती कार्डं वाचून उतरवून काढली. मी रात्री मुलं झोपली की ती वाचत बसते. काही फार जुनी झालीत, काहींवर हसू येत नाही. पण एकेक ओळ घासूनपुसून, शब्द कमी करकरून ठेवलेली दिसते. तिला हसू पिकायला हवं असायचं ते वाक्याच्या अगदी शेवटच्या शब्दावर.

वाचताना तुझी वही आठवली. लाल पुठ्ठ्याची, उखाण्यांची. कुणाच्या मंगळागौरीला कुठला घेतला, बायका कुठे हसल्या, कुठे नुसत्याच गप्प राहिल्या, सगळं तू समासात पेन्सिलीनं लिहायचीस. एकदा घेतलेला उखाणा त्याच घरात परत घ्यायची नाहीस. मी तेव्हा विचारलं होतं, एवढं कशाला लिहून ठेवतेस? तू म्हणालीस, "पुढच्या वेळी चुकू नये म्हणून."

आई, ती वही माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असेल. तू चढू नकोस, दादाला काढायला सांग. वहिनीला पानांचे फोटो काढून पाठवायला सांग, समासासकट. आत्यानं गॅसच्या नंबरावर केलेला एक लांबलचक उखाणा होता, ज्याला काकूंच्या हातातलं ताट सांडलं होतं. मला त्याची सुरुवात आठवते, शेवट आठवत नाही. तो आधी पाठव.

तुझी,
धाकटी